भेगा आपोआप बुजतात?

प्रश्न : आमच्या घराच्या स्लॅबला बारीक भेगा पडल्यात, पावसात गळतं. स्वतःच भेगा बुजवणारं काँक्रीट आलंय म्हणे, खरं का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : खरं आहे हो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठातले शास्त्रज्ञ हेंक योंकर्स यांचं हे काम. काँक्रीट कालवतानाच त्यात बॅसिलस जातीच्या बॅक्टेरियाचे बीजाणू (म्हणजे झोपलेल्या अवस्थेतले बॅक्टेरिया) आणि त्यांचं खाद्य, म्हणजे कॅल्शियम लॅक्टेट घालतात, मग भेगेतून पाणी शिरलं की ते जागे होतात, खातात आणि चुनखडी तयार होऊन भेग भरते, साधारण ०.८ मिलिमीटरपर्यंतची. पण तुमचा स्लॅब आधीच घातलेला, आता त्यात काय कालवणार! त्यापेक्षा खालून तांबूस डाग दिसतायत का बघा, दिसले तर सळी गंजतेय, मग नुसतं वॉटरप्रूफिंग मारून भागणार नाही, इंजिनिअरलाच दाखवा.