विटांचा वाडा कॅमेऱ्यात टिपायचाय? आधी ऊन बघ

ऊन थेट समोरून पडलं की विटांची भिंत नुसती सपाट लाल दिसते. ते भिंतीला घासून जाईल अशा वेळी जा. विटांमधले चुन्याचे सांधे, झिजलेल्या कडा उठून दिसतील. म्हणून भिंतीचं तोंड कुठे आहे ते आधी बघ. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला, तटाला खाली दगड, वर विटा. हिवाळ्यात ही बाजू दिवसभर सावलीत. मे-जूनमध्ये मात्र सकाळी लवकर सुरेख तिरकं ऊन मिळतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाशानुसार रंग जुळवायची सोय, ऑटोवर ठेवलास तर कधीकधी विटांचा रंग फिका पडतो, 'डेलाइट' लाव. पेठेतल्या बोळात मागे सरायला जागाच नसते. मग अख्खा वाडा कशाला? एखादा कोनाडा, खिडकी पुरे. आत शिरण्याआधी हाक मार, तिथे माणसं राहतात.