तिसरी-चौथीचा वर्ग हाती घेताना

अनेक आशीर्वाद.

पहिल्याच नेमणुकीचं तुझं पत्र मिळालं. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली, बीड जिल्ह्यातली द्विशिक्षकी शाळा, तुझ्याकडे तिसरी-चौथी मिळून 23 मुलं, आणि पहिली-दुसरी मुख्याध्यापकांनी स्वतःकडे ठेवलेली. या शेवटच्या गोष्टीचा मला फार आनंद झाला. बऱ्याच शाळांत पहिलीचा वर्ग सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात मारतात, आणि पहिलीत कच्चं राहिलेलं मूल चौथीपर्यंत अडखळत राहतं. तुझे मुख्याध्यापक विचार करून शाळा चालवतात असं दिसतं. त्यांचा हात धरून कामाला लाग.

चांगला शिक्षक म्हणजे कसा, असं तू विचारलंस. सुबक अक्षर, गाणी, गोष्टी, सजवलेला वर्ग, हे सगळं हवंच. पण माझ्या मते त्याच्या आधी एक गोष्ट येते: आपल्या वर्गातलं कोणतं मूल नेमकं कुठे अडलंय हे त्याला ठाऊक असतं, आणि उद्याचा पाठ तो त्यावरून ठरवतो. ते कसं करायचं, तेवढंच लिहिते.

तुझ्याकडे वेळ कमी आहे, हे आधी लक्षात घे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावातले आणि बंजारा तांड्यावरचे कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, ऊसतोडीला निघतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, मुकादमाची गाडी आली की घरं रिकामी होतात, आणि माणसं परततात ती मार्च-एप्रिलात. म्हणजे काही मुलं तुला वर्षभर मिळणारच नाहीत. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचे जेमतेम चार महिने मिळतील. म्हणून 'आधी मुलांची ओळख होऊ दे, मग बघू' असं करू नकोस.

पहिल्या सहा दिवसांत प्रत्येक मुलाचं वाचन एकेकट्याला बसवून ऐक. रोज चार मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं. दुसऱ्या मुलांना ऐकू जाणार नाही अशी ओसरीवरची जागा घे. आधी सुटी अक्षरं, मग काना-मात्रेचे शब्द, मग जोडाक्षरांचे शब्द, शेवटी दुसरीच्या पुस्तकातला पाच-सहा ओळींचा उतारा. मूल जिथे थांबेल तिथे तूही थांब. चूक सुधारू नकोस, फक्त टिपून घे. साधी शंभरपानी वही घे आणि प्रत्येक मुलाला तीन-चार पानं दे. ही वही कोणाला दाखवायची नाही, तिच्यावर कोणाची सही नको. दाखवायची वही झाली की माणूस तिच्यात खरं लिहायचं थांबतो.

या वहीत 'वाचन कच्चे' असा शेरा चालणार नाही. 'घ आणि ध यांत गोंधळ', 'रफार वगळतो', 'शब्दाचं पहिलं अक्षर बघून अंदाज बांधते' असं लिही. मराठीत 'र' एकटाच मुलांना किती छळतो, हे ऐकताना कळेल. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो (हाच रफार), 'चक्र'मध्ये तिरकी रेघ होतो, 'ट्रक'मध्ये खाली टोपीसारखा येतो, आणि 'दऱ्या'मध्ये त्याची वेगळीच अर्धी खूण होते. चारही रूपं एका तासात फळ्यावर मांडली की मुलं चारही विसरतात. एका आठवड्याला एकच रूप घे, त्याचे आठ-दहा शब्द मुलांच्याच तोंडचे घे, आणि नियम शेवटी सांग, तोही मुलांना दिसला असेल तर.

तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. त्यांच्या वाचनातल्या काही चुका मुळात वाचनाच्या नसतात, शब्द ओळखीचा नसतो एवढंच. 'भाकरी' वाचताना अडखळणारी मुलगी घरी 'बाटी' म्हणते. आईला 'याडी' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात तो शब्द म्हणू दे आणि तो फळ्यावर 'आई'च्या शेजारी लिही. महिन्याभरात अशी शंभरेक शब्दांची यादी मुलंच तुला करून देतील. भिंतीवर लावायला याहून कामाचा तक्ता बाजारात मिळत नाही.

आता गणिताचं एक उदाहरण जवळून बघ. 52 मधून 27 वजा करायला दिलेस आणि दोन मुलांनी 35 उत्तर आणलं. दोघांच्या वहीत सारखीच फुली मारशील, तर मोठी संधी गेली. एकाने 2 मधून 7 जात नाहीत म्हणून उलटं केलं, 7 मधून 2 घालवले, उरले 5. दुसऱ्याने दशक नीट सोडवला, 12 मधून 7 घालवले, उरले तेही 5; पण 5 दशकांचे 4 करायला तो विसरला. दोघांचे दशक 3, दोघांचं उत्तर 35, आणि चुका मात्र अगदी वेगळ्या. ओळखायचं असेल तर 53 वजा 27 दे. पहिला 34 आणेल, दुसरा 36. पहिल्याला काड्यांचे पाच गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात देऊन एक गठ्ठा स्वतः सोडायला लाव. दोन-तीन दिवस लागतील. दुसऱ्याला काड्या नकोत, त्याला समजलेलं आहे. 5 खोडून वर 4 लिहायची सवय लागली की त्याचं काम झालं, आणि ते दहा मिनिटांत होतं. दोघांना बसवून 'वजाबाकीचा सराव, वीस उदाहरणं' दिलीस, तर दोघांची चूक वीस वेळा पक्की होईल.

संख्यांच्या नावांचंही तसंच आहे. 'सत्तावीस' ऐकून मूल 72 लिहितं, कारण मराठीत एकक आधी ऐकू येतो. 'एकोणतीस' ऐकून 39 लिहितं, कारण त्याला 'तीस' ऐकू आलेलं असतं. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन जोडीला दिलं, तेव्हा बराच गदारोळ झाला. पण अडचण खरी होती आणि तू ती पायरी बिनधास्त वापर. एकोणीस ते एकोणनव्वद या आठ संख्या वेगळ्या काढ, मण्यांच्या माळेवर तिसाव्या मण्यावरून एक मागे यायला लाव. नव्याण्णव या चालीत बसत नाही, हे मुलांनाच शोधू दे. त्यांना ते फार आवडतं.

प्रश्न विचारलास की थांब. 1970च्या दशकात अमेरिकेत मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, तेव्हा शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. मनात एक, दोन, तीन म्हण. आणि 'कसं काढलंस?' हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचार. तो फक्त चुकीच्या उत्तराला विचारलास, तर चार दिवसांत मुलं ओळखतात की बाईंनी विचारलं म्हणजे चुकलं, आणि घाईघाईने उत्तर पुसतात. पुसलेल्या उत्तरावरून तुला काहीच कळणार नाही. मारण्याचंही हेच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहेच. पण कायदा नसता तरी सांगितलं असतं की भ्यालेलं मूल आपली चूक लपवतं, आणि तुझं सगळं काम त्या चुकीवर उभं आहे.

दोन इयत्ता एका खोलीत असताना खरी पंचाईत होते ती तू एका इयत्तेला शिकवताना दुसरीने काय करायचं, याची. तिथे बहुतेक वेळा 'पान नंबर अमुक उतरवून काढा' दिलं जातं. मुलं गप्प बसतात म्हणून ते चालून जातं, शिकणं मात्र होत नाही. स्वतंत्र काम असं दे की मुलांना आपलं उत्तर आपणच ताडून बघता येईल: कार्डाच्या मागे उत्तर, किंवा जोडीदाराने उलटी बेरीज करून तपासायचं. एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. दोन्ही इयत्तांत सारखाच कच्चा राहिलेला भाग, उदाहरणार्थ तो रफार, सगळ्यांना एकत्र घे. इयत्तेची भिंत तिथे कामाची नाही.

वह्या रोज सगळ्या तपासू नकोस. रोज सहाच तपास, पण चुकीचा प्रकार समासात लिही.

आता शाळेने तुला काय द्यायला हवं, ते. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरलेत आणि त्यांत तयारीचे तास मोजलेले आहेत. म्हणजे शाळा सुटल्यावर उद्याची कार्डं करत बसणं हे तुझं कामच आहे. तो वेळ माहिती भरण्यात जातो, हे आपल्याकडचं मोठं दुखणं. पोषण आहाराचा हिशेब, सरल आणि यूडायस ही शाळेची माहिती भरायची सरकारी पोर्टलं, कुठलीशी तातडीची लिंक. मुख्याध्यापकांशी बसून दोन गोष्टी ठरवून घे. सकाळच्या पहिल्या दोन तासिकांत फोन हातात घ्यायचा नाही, दोघांनीही. आणि पोर्टलचं काम एकाने, तांदळाचा हिशेब दुसऱ्याने. प्राथमिकला दर मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, हजेरी 41 असेल तर 4 किलो 100 ग्रॅम; तो हिशेब चौथीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेतलास तर एका कामात दोन होतील. ताडून मात्र तूच बघ.

कायद्याच्या कलम 27 प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. तरी तोंडी निरोप येतात. दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं तर शाळा बंद पडते, तेव्हा लेखी आदेश आणि 'एका वेळी एकच शिक्षक' एवढं नम्रपणे मागायला मुख्याध्यापकांना तुझी साथ दे.

सगळ्यात मोलाचा आधार म्हणजे तुझा वर्ग पाहणारं दुसरं माणूस. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास दोघांचा ठेव, आणि आठवड्यातून एकदा मुख्याध्यापकांना वीस मिनिटं वर्गात बसायला सांग. 'कसं वाटलं?' विचारलंस तर 'छान' एवढंच मिळेल. आधीच एक काम सांग: कोणती मुलं एकदाही बोलली नाहीत ती नावं लिहा, किंवा मी प्रश्नानंतर किती थांबते ते मोजा. तीच गोष्ट केंद्रप्रमुखांची, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची. शेरेबुकात 'समाधानकारक' लिहून जाण्यापेक्षा त्यांना एखादा तास घ्यायची विनंती कर. चांगले केंद्रप्रमुख आनंदाने घेतात. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, म्हणजे शिक्षण परिषदेला, जाताना भाषणाची तयारी नको, 35 उत्तर आलेल्या त्या दोन वह्या घेऊन जा आणि शेजारच्या शाळेतल्या बाईंना विचार की तुमच्याकडे काय येतं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. सभा दुपारी ठेवलीस तर शेतातून कोणी येणार नाही. दिवेलागणीनंतर ठेव, तांड्यावर जाऊन ठेव, आणि पहिल्याच सभेत यादी कर: कोण तोडीला जाणार, कोणाची आजी घरी राहणार, कोणाला हंगामी वसतिगृह लागणार. हे ऑगस्टमध्ये विचार. ऑक्टोबरमध्ये गाडी दारात असते. जे मूल जाणारच त्याच्या दप्तरात पुस्तकांबरोबर तुझ्या वहीतल्या त्याच्या पानाची नक्कल ठेव, म्हणजे ज्या कारखान्याजवळच्या शाळेत ते बसेल तिथल्या शिक्षकाला पहिल्यापासून शोधत बसावं लागणार नाही.

शिक्षण सेवकाचं, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाचं, मानधन 16,000 रुपये, तेही तीन वर्षं. त्यात भाडं, गाडीचं पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे बसवायचे, हे कठीण आहे आणि ते कमीच आहे, असं मला स्पष्ट वाटतं. निदान वर्गासाठी खिशातून खर्च करू नकोस. काड्या, बिया, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, एवढ्यावर तिसरी-चौथीचं गणित निभतं; बाकीचं शाळेच्या अनुदानातून माग आणि मागणी लेखी दे.

23 पानं भरली की त्यांतली तीन मुलं निवड, ज्यांचं काय अडलंय ते तुला अजून उमगलेलं नाही अशी. नावं झाकून त्यांच्या पानांचे आणि वह्यांचे फोटो पाठव. वाचताना त्यांनी शब्द कसा उच्चारला, तेही खाली लिही.