पीएफ ‘नुसता पडून’ नाही, प्लॉट मात्र पडून राहील

पत्र: मी 53 वर्षांचा, ठाण्यात खासगी नोकरीत. 58 ला निवृत्ती. पीएफ 34 लाख, एफडी 9 लाख, तीन विमा पॉलिसी. राहता फ्लॅट कर्जमुक्त. घरखर्च 55 हजार, मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कोकणात जांभ्याचं, सौर ऊर्जेवरचं पर्यावरणपूरक घर बांधायचं आहे. दोन प्लॉट पाहिले. एक, गुहागर तालुक्यात सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) ‘इको व्हिलेज’मध्ये 10 गुंठे, समुद्र दिसतो, 22 लाख. तिथले डेव्हलपर आंब्याची कलमं लावून पाच वर्षं 12 टक्के हमी परतावा देतात. मी शेतकरी नाही, पण ‘दाखल्याची सोय आम्ही करतो’ म्हणतात. दुसरा, दापोली तालुक्यात गावठाणालगत 5 गुंठे एनए (बिगरशेती), 18 लाख, विहीर आहे, समुद्र दिसत नाही. पीएफ नुसता पडून आहे, त्यातून 22 लाख काढेन. बांधकामाच्या 19 लाखांसाठी एफडी मोडून वर 10 लाख पर्सनल लोन. होमस्टेचे महिना 40 हजार येतील, त्यात हप्ता सुटेल. सौ. मात्र ठाण्यातच राहायचं म्हणते. पहिल्या प्लॉटला 51 हजार टोकन दिलं आहे. हरित घरासाठी कोणता प्लॉट योग्य?

उत्तर: दुसरा. पण आज तोही घेऊ नका.

‘पीएफ नुसता पडून आहे’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. सव्वाआठ टक्के व्याज धरलं तर तो ‘पडून असलेला’ पीएफ वर्षाला पावणेतीन लाख मिळवतो. तुम्ही हात लावला नाहीत तर 58 व्या वर्षी तुमच्या पुढच्या वर्गणीसह अंदाजे 58 लाख होतील. 22 लाख काढलेत तर 25 लाख. म्हणजे 22 लाखांच्या प्लॉटची खरी किंमत 33 लाख.

आता खर्च. आजचे 55 हजार पाच वर्षांनी, महागाई सहा टक्के धरून, 73 हजार होतात. पीएफवाली पेन्शन सात-साडेसात हजारांच्या वर जाणं कठीण. उरलेले 66 हजार दरमहा, म्हणजे वर्षाला आठ लाख, साठ्यातून काढायचे. पीएफ आणि एफडी दोन्ही शाबूत ठेवलेत तरी हा पैसा नऊएक वर्षं पुरतो. तेव्हा तुम्ही 67 चे. तुमच्या बेताप्रमाणे गेलात तर सव्वातीन वर्षं. प्लॉट घेतला नाही तरी तुमची निवृत्ती तोकडी आहे, आणि पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही.

होमस्टेचं गणित कुणी करून दिलं? दोन खोल्या, रात्रीचे दोन हजार. जून ते सप्टेंबर पाऊस. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि मधले शनिवार-रविवार मिळून नवख्या घराला 60 रात्री भरल्या तरी खूप. झाले 2 लाख 40 हजार. तुम्ही ठाण्यात, म्हणजे राखणीला माणूस हवा. त्याचे दहा हजार महिना धरा. वीज, धुलाई, बुकिंगचं कमिशन वजा जाता हातात साठ-सत्तर हजार, तेही वर्षाला. आणि 10 लाखांच्या पर्सनल लोनचा हप्ता 14 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, महिना 23 हजार. तो बरोबर निवृत्तीच्या दिवसापर्यंत चालेल.

आता त्या ‘हमी’कडे. 22 लाखांवर 12 टक्के म्हणजे वर्षाला 2 लाख 64 हजार. हापूसची कलमं जुन्या पद्धतीने दहा मीटरवर लावतात. 10 गुंठ्यांत दहाच बसतील, आणि मग घर कुठे बांधणार? त्या दहा झाडांनी पहिल्या वर्षापासून झाडामागे 26 हजार द्यायचे! नवी कलमं बऱ्यापैकी धरायलाच पाच-सहा वर्षं जातात. म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्याने परत मिळणार, नवीन गिऱ्हाईक येत असेल तोवर. शेतजमिनीच्या नावाने पैसे गोळा करण्याच्या पीएसीएल प्रकरणात रक्कम 49 हजार कोटींवर गेली होती आणि 2014 मध्ये सेबीला परताव्याचा आदेश द्यावा लागला. तेव्हाही कागद सुंदरच होते.

दाखल्याची ‘सोय’ ही तर सरळ फसवणूक आहे. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कुळकायद्याचं कलम 63 त्यासाठीच आहे. खोट्या दाखल्यावरचा व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. त्या वेळी डेव्हलपरचा फोन लागणार नाही. सातबाऱ्यावर तुमचं नाव स्वतंत्र येणार की चाळीस जणांसोबत सामाईक, हे विचारलंत का? आणि ‘महामार्ग झाला की भाव दुप्पट’ हेही तुम्हाला सांगितलं असेलच. मुंबई-गोवा रस्त्याचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. मी तेव्हापासून हे वाक्य ऐकतोय.

हरित घराचं म्हणाल तर सड्यावर घर बांधायचं म्हणजे कातळ फोडायचा, माती बाहेरून आणायची, एप्रिल-मेमध्ये टँकर मागवायचा आणि वाऱ्याच्या तोंडी राहायचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडची पत्रे-कौलं कशी उडाली, ते तिथल्या कुणालाही विचारा. वर समुद्र जवळ म्हणजे सीआरझेडची, किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची भानगड. गावठाणालगत रस्ता, विजेचा खांब, विहीर, सावलीची झाडं तयार असतात. काही नवं खोदावं-तोडावं लागत नाही. पाण्याचंही जमतं. 800 चौरस फुटांच्या छपरावर कोकणातला तीन मीटर पाऊस दीड-पावणेदोन लाख लिटर देतो. दिवसाला 300 लिटर धरले तर कोरड्या चार महिन्यांना 36 हजार लिटरची टाकी पुरते. छतावरच्या सौर पॅनेलसाठीच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजार अनुदान आहे. पण कुठलाही प्लॉट डिसेंबरच्या सुट्टीत बघून घेऊ नका. मे महिन्यात विहिरीचा तळ बघा, जुलैत उतारावरचं पाणी कुठून वाहतं ते बघा, आणि मोजणी करून गडगा (दगडी कुंपण) हद्दीवरच आहे ना ते तपासा. एनएचा आदेश आणि 1950 पासूनचे फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) वकिलाला दाखवा.

पॉलिसींबद्दल थोडक्यात. दोन संपत आल्या असतील तर संपू द्या. तिसरी गेल्या वर्षी बँकेत एफडी करायला गेलात तेव्हा गळ्यात पडली, असं वाटतंय. तिचा पुढचा हप्ता भरण्याआधी आज बंद केली तर हातात काय येतं ते लेखी मागा. आरोग्य विमा फक्त कंपनीचा असेल तर तो 58 ला जातो. स्वतःचा याच महिन्यात घ्या, शुगर-बीपी निघायच्या आत.

कोकण सोडा असं मी म्हणत नाही. ठाण्याचा फ्लॅट विकून किंवा भाड्याने देऊन तुम्ही दोघं कायमचे तिकडे जाणार असाल तर खर्च कमी होतो, साठा वाढतो आणि दापोलीचा प्लॉट पुन्हा विचारात घेता येतो. फ्लॅटही ठेवायचा आणि घरही बांधायचं, हे तुमच्या पगारात बसत नाही. म्हणून आधी त्याच गावात घर भाड्याने घ्या आणि पुढचा एक पूर्ण पावसाळा तिथे काढून बघा, वहिनींसह. त्यांचं म्हणणं तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत.

टोकनचे 51 हजार लेखी पत्र पाठवून परत मागा, पोचपावती ठेवा. नाही मिळाले तर नाही मिळाले. दुसरा हप्ता मात्र भरू नका.