कमानीच्या खिडकीचा ब्लॉक ओढला की कमान का बिघडते?

तुम्ही विचारलंय की ऑटोकॅडमध्ये (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) कमानीच्या खिडकीचा डायनॅमिक ब्लॉक, म्हणजे मापं बदलता येणारं तयार चित्र, केलाय, स्ट्रेच म्हणजे ओढून लांबवायची अॅक्शन पण लावलीय, पण रुंदी वाढवली की चौकट कुठं जाड कुठं बारीक दिसते अन् शेवटी मापागणिक वेगळा ब्लॉक ठेवावा लागायलाय. मी लातूरला घरांच्या ड्रॉइंगचंच काम करतो आणि ह्या गोष्टीनं मला एकदा लै मनस्ताप झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बिघडतं का ते बघा. आर्कचं (कमानीच्या वक्र रेषेचं) एक टोक स्ट्रेचनं ओढलं की ऑटोकॅड त्याचा उठाव, म्हणजे दोन्ही टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेपासून मधल्या सर्वांत उंच बिंदूपर्यंतची उंची, तेवढीच ठेवतं आणि रेडियस बदलतं. एकच आर्क असेल तर चालून जातं. पण चौकटीला आत-बाहेर दोन आर्क असतात, दोन्ही आपापला उठाव धरून बसतात आणि दोघांचे सेंटर वेगळे होतात. माझंच उदाहरण घ्या, गाळा म्हणजे खिडकीची आडवी रुंदी 1200 मिमी, उठाव 200, तर बाहेरचा रेडियस बरोबर 1000 येतो, 50 ची चौकट म्हणून आतला 950. हाच ब्लॉक ओढून 1800 केला की बाहेरचा 2125 होतो, तिथं आतला 2075 पाहिजे, पण तो होतो साधारण 2147, म्हणजे बाहेरच्यापेक्षाही मोठा! वर मधोमध 50 दिसतात पण खाली खांद्याला, म्हणजे कमान सुरू होते तिथं, जेमतेम 44 राहतात. एवढा फरक स्क्रीनवर पटकन नजरेत येत नाही. एका बंगल्याच्या कामात असंच ड्रॉइंग गेलं, फॅब्रिकेटरनं त्यावरून दोन्ही पाइप रोल करून आणले आणि मधली पट्टी काही केल्या बसेना, दोन दिवस काम अडकलं.

आता गवंडी कमान कशी आखतो ते आठवा. एक खिळा ठोकतो, त्याच खिळ्याला दोरी बांधून आधी आतला आर्क ओढतो, मग दोरी वाढवून बाहेरचा, खिळा काही हलत नाही. ऑटोकॅडमधला कॉन्सेंट्रिक कन्स्ट्रेंट (दोन आर्कचं सेंटर एकच ठेवणारी अट) म्हणजे तोच खिळा आहे, आणि स्ट्रेच अॅक्शनला ह्या खिळ्याचा पत्ताच नसतो. म्हणून माझं म्हणणं असं की कमानीला स्ट्रेच लावूच नका. डायनॅमिक ब्लॉक 2006 च्या व्हर्जनपासून आहेत पण हे कन्स्ट्रेंट 2010 ला आले, त्यामुळं जुन्या पद्धतीनं शिकलेले बरेच जण अजून अॅक्शनवरच अडकलेले दिसतात.

ब्लॉक एडिटरमध्ये आधी नुसता आकार बांधून घ्या, मापं नंतर. डाव्या खालच्या कोपऱ्याला फिक्स (तोच बेस पॉइंट ठेवा, नाहीतर माप बदललं की खिडकी भिंतीतून सरकते), खालची लाइन होरिझॉन्टल, बाजूच्या उभ्या लाइनी व्हर्टिकल आणि एकसारख्या म्हणजे ईक्वल, आर्कची टोकं त्या लाइनींच्या टोकांना कोइन्सिडंट म्हणजे एकाच बिंदूवर, आतल्या चौकटीच्या लाइनींनाही तसंच, आणि दोन्ही आर्क एकमेकांना कॉन्सेंट्रिक. इथं एक चूक हमखास होते, दिसायला छान म्हणून लोक आर्क आणि उभ्या लाइनीला टँजंट (कोपरा न करता वळणं) लावून टाकतात. दोन्ही बाजूंना टँजंट लागला की ती पूर्ण अर्धगोल कमान झाली, उठाव गाळ्याच्या निम्माच राहणार, मग तुम्ही कितीही 200 टाका ते ऐकणार नाही.

मापं कोणती द्यायची, खरा विचार इथं करायचा. साइटवर रेडियस कोणी सांगत नाही, मिस्त्री गाळा अन् उठाव सांगतो. आणि तिसरी गोष्ट एकूण उंची, कारण कमान ही बहुतेक वेळा शोभेची असते आणि तिच्या वरून लिंटेलचा, म्हणजे खिडक्या-दारांच्या माथ्यावरचा, आरसीसी पट्टा सरळ जातो. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडं घर बांधणारा माणूस स्वतःहून पट्ट्याचं विचारतो. तो पट्टा कमानीसाठी वरखाली होत नाही, म्हणून मी खालच्या लाइनीपासून आर्कच्या मिडपॉइंटपर्यंत एकूण उंची देतो, आर्कच्या टोकापासून मिडपॉइंटपर्यंत उठाव, आणि आडवा गाळा. बाजूच्या उभ्या लाइनीची उंची देतच नाही, ती आपोआप उरते. ती पण दिली तर ओव्हर-कन्स्ट्रेंट, म्हणजे गरजेपेक्षा जास्त अटी, म्हणून ऑटोकॅड अडवणारच.

बाहेरच्या आर्कला रेडियस पण देऊ नका. दोन टोकं अन् रेडियस एवढ्यावर आर्क दोन्ही बाजूंना बसू शकतो, सेंटर वर पण येतं अन् खाली पण, त्यामुळं माप बदलताना कमान उलटी व्हायची भीती असते. मिडपॉइंटनं बांधली की तो प्रश्न उरत नाही. आतल्या आर्कला मात्र रेडियस द्या, पण आकडा नाही, पॅरामीटर मॅनेजरमध्ये (मापांच्या यादीत) एक्स्प्रेशन म्हणजे सूत्र टाका: गाळ्याचा वर्ग भागिले कंसात (आठ गुणिले उठाव), अधिक उठावाचा अर्धा, वजा चौकटीची जाडी. तपासून बघायचं तर 1200 चा वर्ग भागिले 1600 म्हणजे 900, अधिक 100, वजा 50, आले 950. आतल्या उभ्या लाइनी बाहेरच्यांपासून त्याच जाडीवर ठेवा, तिथं पण आकडा न टाकता पॅरामीटरचं नावच टाका.

एक बारीक गोष्ट, ब्लॉक एडिटरमध्ये नुसतं डायमेन्शनल कन्स्ट्रेंट (मापाची अट) असून चालत नाही, ते कन्स्ट्रेंट पॅरामीटर असावं लागतं, नाहीतर बाहेर प्रॉपर्टीजमध्ये माप दिसणारच नाही. नुसतं लागलं असेल तर कन्व्हर्ट करता येतं. गाळ्याला एक ग्रिप (माउसनं ओढायची खूण) ठेवा, बाकीच्यांना शून्य, म्हणजे चुकून ओढलं जात नाही. ठराविकच साइज लागत असतील तर ब्लॉक टेबलमध्ये त्याच ओळी भरून ठेवा. तुमच्याकडं ऑटोकॅड एलटी (कमी सोयींची आवृत्ती) असेल तर मात्र कन्स्ट्रेंट नव्यानं लावता येत नाहीत, पूर्ण ऑटोकॅडवर कोणाकडून तरी एकदा ब्लॉक करून घ्यावा लागेल.

सेव्ह करायच्या आधी टेस्ट ब्लॉकमध्ये 900, 1200, 1800 असे गाळे टाकून आतल्या-बाहेरच्या आर्कचे सेंटर एकाच जागी आहेत का ते आयडी कमांडनं (बिंदूची जागा सांगणाऱ्या) बघा. तरी कुठं अडलं तर तुमचा गाळा, उठाव अन् जाडी इथं टाका, मी करून बघतो.