ढगाचा जबाब

परभणीच्या एका शिक्षकांनी विचारलंय : शाळेत वक्तृत्व स्पर्धेचा विषय ठेवलाय, 'पर्यावरण : आशावाद की जबाबदारी?' हे दोन शब्द असे एकमेकांसमोर उभे करता येतात का? आणि एका मुलानं भाषणात 'दुष्काळाला निसर्ग जबाबदार आहे' असं लिहिलंय, ते बरोबर का?

दुसरं आधी घेतो, कारण ते ऐकून माझे कान किटलेत. चूक. निसर्ग कारणीभूत असतो, जबाबदार नसतो. जबाब माणसाचा नोंदवतात. ढगाला ठाण्यात बोलावून विचारणार का, 'जूनमध्ये कुठे होतास?' कधी 'अल निनो जबाबदार', कधी 'कमी पर्जन्यमान जबाबदार', आणि कडी म्हणजे 'ऊस जबाबदार'! ऊस काय आपल्या पायानं शेतात शिरला? लावणारा, त्याला पाणी पाजणारा, कारखान्याला गाळप परवाना देणारा, यांतला एकही त्या वाक्यात सापडत नाही.

'जबाब' अरबी, हे जगजाहीर आहे. मजा 'दार'मध्ये आहे. फारसी 'दाश्तन' म्हणजे बाळगणं, धरून ठेवणं. जमीनदार, ठाणेदार त्यातलेच. आणि हा 'दार' आपल्या 'धृ' धातूचा सख्खा चुलत भाऊ. 'धृ'पासून आधार, धरणी, आणि आता नीट ऐका, धरण! म्हणजे जायकवाडी आणि जबाबदार एका कुळातले. एक पाणी धरतं, दुसरा जबाब. (घरी हे सांगायला लागलो की सगळ्यांना कामं आठवतात.) एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं होतं आणि मिरजेहून १० वाघिणींची पहिली रेल्वेगाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. त्या दिवशी या कुळातले दोघेही रिकामे होते, असं माझं मत.

भाषाशुद्धीवाले म्हणतील, 'जबाबदार' परका, 'उत्तरदायी' म्हणा. का म्हणून? 'दायी' म्हणजे देणारा. उत्तरदायी माणूस पत्रकार परिषदेत उत्तर देतो आणि मोकळा होतो. जबाबदाराला ते जवळ बाळगावं लागतं. शिवाय 'धृ'च्या भावालाच परका ठरवून हाकलायचं, ही कसली शुद्धी? आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'जिम्मा'ही असतो, तोही अरबीच. पण जिम्मा काम सुरू होण्याआधी घेतात, जबाब काम बिघडल्यावर मागतात. दोन्ही ठेवा, दोन्ही लागतात.

आता 'आशा'. संस्कृतात आशा दोन आहेत : एक इच्छा, दुसरी दिशा. अमरकोशात दिशेच्या नावांमध्ये ककुभ, काष्ठा यांच्या शेजारी 'आशा' बसलेली आहे. व्युत्पत्तीनं या दोघी वेगळ्या, हे मला मान्य. पण मृगात बांधावर उभं राहून 'येईल की औंदा' म्हणत चारी दिशा न्याहाळणाऱ्या माणसाला तेवढं पटवून दाखवा. त्याच्या मागं सातशे फुटांचा बोअर कोरडा पडलेला असतो आणि तो दुसऱ्या बोअरसाठी जागा बघत असतो.

अरे हो, पहिला प्रश्न. 'आशावादा'चा विरुद्धार्थी 'निराशावाद', 'जबाबदारी'चा 'बेजबाबदारपणा'. विषयात मधे 'की' कुणी घातला, त्याचा मात्र जबाब नोंदवून घ्या.