फिजिओथेरपी की बी.पी.एड.?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, राज्य पातळीवर कबड्डी खेळते. बी.पी.टीएच. (फिजिओथेरपीची पदवी) आणि बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) यांच्या प्रवेशात फरक काय?

उत्तर : बी.पी.एड.ला आधी पदवी लागते, कोणत्याही शाखेची चालते. मग सीईटी ही प्रवेश परीक्षा, त्यात मैदानी चाचणीही असते. म्हणजे तो विचार तीन वर्षांनी.

बी.पी.टीएच.साठी मात्र आत्ताच हालचाल करा. महाराष्ट्रात हा प्रवेश ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. तिच्या अर्जाची मुदत हुकली की वर्ष गेलंच. जीवशास्त्र हवंच. खुल्या वर्गाला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ३०० पैकी १५० गुण लागतात. समजा या तिन्हीत ४१, ४४, ६२ पडले, म्हणजे १४७! एकूण टक्के सत्तर असले तरी इथे गाडी अडते. राखीव वर्गाला ४० टक्के पुरतात. पण जात वैधता प्रमाणपत्राच्या मागे आजच लागा.