नो-ड्रिल माउंट घ्यायच्या आधी हे वाचा (नं. ४ ली-एनफिल्डवर स्कोप)

तुम्ही लिहिलंत: सासऱ्यांकडून आलेली नं. ४ ली-एनफिल्ड (दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश रायफल), सगळ्या भागांवरचे नंबर जुळणारे, पुढची साइट आता धूसर दिसते म्हणून स्कोप हवाय पण भोक पाडायचं नाही, आणि दुकानदार सांगतोय "नो-ड्रिल माउंट घ्या, निर्धास्त राहा" (माउंट म्हणजे स्कोपला रायफलीवर धरणारी बैठक). तुमचं हे वाचून राहवलं नाही, कारण याच निर्धास्तपणाने माझी वाट लावलीय.

परवाना, कायदा, चेंबर तपासणं हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो. मी गनस्मिथ नाही, जुन्या रायफली सांभाळणारा हौशी माणूस आहे, तेव्हा पुढचं सगळं तेवढ्याच वजनाने घ्या.

दुकानदार फक्त भोकाबद्दल बोलतोय हो. कानशीबद्दल नाही, ग्राइंडरबद्दल नाही, इपॉक्सीबद्दल तर नाहीच नाही. त्याला प्रश्न असा विचारा: उद्या हे माउंट काढलं तर रायफल जशी होती तशी परत होईल का, फक्त स्क्रू आणि पिना वापरून? तो "हो, पण" म्हणाला की त्या "पण"च्या पुढचं नीट ऐका.

नं. ४ च्या या माउंटांना मागे आधार मिळतो मागच्या साइटच्या पिनेच्या भोकाचा आणि पुढे चार्जर ब्रिजचा (बोल्टच्या वरची आडवी पट्टी, पाच गोळ्यांची क्लिप म्हणजे चार्जर हिच्यात अडकवून गोळ्या भरतात). माझं मागे झकास बसलं, पुढे ब्रिजवर बसेना. त्यात नवल नाही, युद्धात या रायफली ब्रिटनमध्ये फझाकर्ली, मॉल्टबी आणि शर्लीला, कॅनडात लाँग ब्रँचला आणि अमेरिकेत सॅव्हेजकडे, अशा पाच ठिकाणी बनत होत्या, ब्रिजचा वरचा भाग सगळ्यांचा तंतोतंत सारखा नसतो. म्हणून एका वर्कशॉपला दिली, नाव घेत नाही. सोबत कागदावर लिहून दिलं की घासायचं असेल तर माउंट घासा, रायफलीला कानस लावायची नाही. परत आली तेव्हा स्कोप मस्त सरळ, मी खूश. घरी माउंट उतरवून बघतो तर ब्रिजच्या वरच्या कडेला कानशीच्या आडव्या रेघा आणि त्यावर कोल्ड ब्लू (लोखंडाला गरम न करता काळसर-निळा रंग देणारा द्राव) फासलेलं, बाजूच्या जुन्या फिनिशच्या मानाने निळसर, आणि बोट फिरवलं की बोटाला लागणारं. फोन केला तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणतात, "ड्रिल कुठे केलंय साहेब? बिलावर बघा, विदाउट ड्रिलिंग लिहिलंय." मी म्हटलं मूळ पिन कुठेय, तर म्हणे "ती तुमच्याकडेच असणार." माझ्याकडे कशी असणार, साइट त्यांनीच काढली होती! मग मॅनेजर फोन करतील, मग मॅनेजर रजेवर, मग मेलला उत्तर की काम "ग्राहकाच्या सूचनेनुसार" झालंय. आणि ती सूचना लिहिलेला कागद? तो सापडत नाही. जाऊ दे, बीपी वाढतं. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण ऐंशीएक वर्षं जे लोखंड कुणी घासलं नव्हतं ते अर्ध्या तासाच्या आळसासाठी घासलं, आणि घासलेलं लोखंड परत भरून येत नाही.

तर माझं स्पष्ट मत: घासायचं ते माउंट. माउंट बाजारात दुसरं मिळतं. आणि शिम (पातळ पत्रा) घालायचीच वेळ आली तर माउंट आणि रिंगच्या (स्कोपला धरणाऱ्या कड्याच्या) मध्ये घाला, रायफल आणि माउंटच्या मध्ये नको, तिथे पत्रा सरकला की दर फटक्याला झीरो (जुळवलेला नेम) हलतो आणि तुम्ही उगाच स्कोपला शिव्या देत बसता.

साइट काढताना आधी छोटी अडवणारी पिन, मग आडवी मोठी. पितळी पंच घ्या, पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर ठेवा, हलली नाही तर जोर न वाढवता परत तेल. साइटखाली स्प्रिंगवर दाबलेला प्लंजर (छोटा दट्ट्या) असतो, अंगठा ठेवा नाहीतर तो पलंगाखाली शोधत बसाल. सगळे सुटे भाग आधी फोटो काढून, तेल लावून, एकाच पिशवीत, पिशवीवर रायफलीचा नंबर. वर्कशॉपला द्यायचीच असेल तर ही पिशवी घरी ठेवून मगच द्या, आणि ब्रिजचे चारी बाजूंनी फोटो त्यांच्यासमोर काढा. त्यांना राग येतो. येऊ दे.

थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) निळाच, लाल सुटायला उष्णता द्यावी लागते, ती कटकट नको. बसवल्यावर ब्रिजवर मास्किंग टेप लावून माउंटच्या कडेला पेन्सिलीची रेघ मारा, थोड्या गोळ्या झाडून बघा, रेघ सरकली तर माउंट सरकतंय. स्कोपचे क्लिक (नेम सरकवायच्या चकतीच्या खाचा) संपत आले आणि अजून मधोमध येत नसेल तर क्लिक पिळत बसू नका, आधी स्कोप त्याच्या पूर्ण रेंजच्या निम्म्यावर आणा, बोल्ट काढून नळीतून लांबचं एखादं निशाण बघा आणि फरक रिंगमध्ये भरून काढा, आत तिरपे प्लास्टिकचे इन्सर्ट असणाऱ्या रिंगा मिळतात.

हे माउंट बसलं की चार्जरने वरून पाच गोळ्या भरणं विसरा, एकेक भरावी लागते. आणि स्कोप वर गेला की गाल हवेत तरंगतो, त्याला दोरीने बांधायचा चामड्याचा चीक पॅड घ्या, रेंजवरून आल्यावर सोडून ठेवा, चामडं ओल धरतं आणि लाकडावर डाग पडतो.

खाली कुणीतरी म्हणेलच की "सैन्याने पण भोकं पाडलीच होती ना". पाडली होती. नं. ४ (टी), म्हणजे याच रायफलीची स्नायपर आवृत्ती, तिला रिसीव्हरच्या (बोल्ट बसतो त्या मुख्य भागाच्या) डाव्या बाजूला पॅड स्क्रूने आणि सोल्डरने बसवले, त्यावर साडेतीन पॉवरचा नं. ३२ स्कोप, आणि बरंचसं काम हॉलंड अँड हॉलंडने केलं. पण त्या निवडून काढलेल्या रायफली होत्या आणि ती भोकं त्यांच्या इतिहासाचा भाग आहेत. तुमच्या-आमच्या गॅरेजमधलं भोक हे नुसतं भोक असतं. उलट जर्मनांचा झेडएफ ४१ स्कोप बघा, दीड पॉवरचा, मागच्या साइटच्या बेसवरच्या रेलवर, डोळ्यापासून लांब. तुमची रायफल रशियन मोसिन किंवा जर्मन माउझर असती तर मी याच पद्धतीचं, साइटची पट्टी काढून तिथे बसणारं स्काउट माउंट आणि लांब आय रिलीफचा (डोळ्यापासून दूर ठेवून बघता येणारा) दोन-अडीच पॉवरचा स्कोप सुचवला असता. मोसिनला तर त्याचा जास्तच फायदा, बोल्टची दांडी सरळ असल्याने रिसीव्हरवरचा खालचा स्कोप आडवा येतो, सोव्हिएत पीयू स्कोपवाल्यांना दांडी वाकडी करावी लागली ती उगाच नाही.

अजून एक, थोडं विषयांतर. नं. ४ ची मागची साइट मुळात भोकाची आहे. पुढची साइट धूसर दिसते एवढीच तक्रार असेल तर अजून बारीक भोकाची चकती लावून बघा, भोक बारीक केलं की जवळचं-लांबचं दोन्ही जास्त स्पष्ट दिसतं, संध्याकाळच्या उजेडात मात्र अंधारतं. शिवाय चष्मेवाल्याला पुढच्या साइटपर्यंतचं अंतर मोजून सांगा आणि त्या अंतराचा नंबर काढून घ्या. कदाचित स्कोपच लागणार नाही.

तरी घ्यायचंच ठरलं तर ऑर्डर करायच्या आधी ब्रिजचा फोटो टाका, वरून आणि बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि माउंट कुठलं सांगतायत तेही लिहा.